हप्ता पोराच्या पगाराला विचारून ठरवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन-तीन महिने ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं की विषय एकच असतो. तिथल्या सरकारने सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यूट्यूबची खाती बंद केली. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळीत आजी-आजोबांना हा कायदा फार आवडलेला आहे. १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला, दहा समाजमाध्यमांना लागू झाला, आणि त्याचा दंड ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत जातो. मात्र हा दंड मुलाला नाही आणि त्याच्या आईबापालाही नाही. तो कंपनीला आहे. ही गोष्ट आमच्या चर्चेत कुणी बोलत नाही. आपल्याकडे पोरगं मोबाइलमध्ये अडकलं की बोल आईला लागतो, तिथे कायद्याने ज्याचा धंदा त्याच्यावर ओझं टाकलं. कायदा चालेल की नाही, मुलं पळवाटा काढतील की नाही, ते पुढे दिसेलच. ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवायचं याचा विचार तिथे झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण हे पत्र मोबाइलबद्दल नाही. तिथल्या तरुणांच्या आयुष्यातला याहून मोठा विषय आपल्याकडे पोचलेलाच नाही, आणि नागपूरच्या हजारो घरांचा त्याच्याशी संबंध आहे. तो म्हणजे शिक्षणाचं कर्ज. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं कर्ज आणि वसुलीच्या टेबलावर गेली. त्यामुळे जे लिहितो आहे ते त्या टेबलाच्या दोन्ही बाजू बघून लिहितो आहे.

माझी धाकटी बहीण १९९८ मध्ये लग्न होऊन मेलबर्नला गेली. तिची मुलगी तिथेच जन्मली, आता चोवीस वर्षांची आहे. समाजकार्याची चार वर्षांची पदवी घेऊन ती एका संस्थेत नोकरीला लागली. यंदा जानेवारीत आमच्या घरच्या लग्नासाठी ती नागपूरला आली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर उन्हात बसून संत्री सोलत होतो. माझ्या मुलाला बँकेचा मेसेज आला, हप्ता तीन दिवसांवर आलाय म्हणून. त्याने तो वाचून फोन पालथा ठेवला. भाचीने विचारलं, कसला हप्ता. शिक्षणाच्या कर्जाचा, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "माझ्यावरपण आहे की." आणि तिने आपला फोन काढून सरकारी खात्यातला आकडा दाखवला. एकूण कर्ज साधारण पस्तीस हजार डॉलर होतं, त्यातले सात हजारांच्या आसपास गेल्या वर्षी सरकारने माफ केले.

मी सवयीने विचारलं, "हप्ता किती?" ती म्हणाली, हप्ता नाहीच. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला तरच कापतात, नाहीतर नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ती मर्यादा वर्षाला ६७,००० डॉलर ठरली. त्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे पंधरा सेंट घेतात. तिचा पगार ७५,००० डॉलर, म्हणजे वरच्या आठ हजारांवर पंधरा टक्के, वर्षाचे बाराशे डॉलर. महिन्याचे शंभर! हे पैसे मालक पगारातून कराबरोबरच कापतो आणि सरकारकडे भरतो. नोकरीला लागताना एक फॉर्म भरतात, त्यात असं कर्ज आहे का, अशा प्रश्नापुढे एक चौकोन असतो. तिथे खूण केली की काम झालं.

डॉलरचे रुपये करून आपण चक्रावून जाऊ नये. तिथलीच दुसरी रक्कम घ्या. पूर्ण वेळ किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाला तिथे त्याच वर्षासाठी साधारण ४९,००० डॉलर ठरले. म्हणजे ही मर्यादा किमान वेतनाच्या बरीच वर आहे. ज्याला पोटापुरतंच मिळतं, त्याच्याकडे कर्ज मागायचंच नाही, असा त्याचा अर्थ.

पदवीनंतरचे पाच महिने भाचीला तिच्या शिक्षणाची नोकरी मिळाली नव्हती. कॅफेत काम करत होती. मी विचारलं, "तेव्हा बँकेचे फोन आले असतील?" तिला प्रश्नच कळला नाही. त्या वर्षीची कमाई मर्यादेच्या खाली होती, म्हणून त्या वर्षी काही द्यायचं नव्हतं. थकीत हा शब्दच तिथे लागू होत नाही. मग तिनेच मला विचारलं, "मामा, दादाच्या कर्जावर तुमची सही कशाला? शिकलं कोण?"

संपादक महोदय, नऊ वर्षं मी त्या सहीच्या जोरावर वसुली केली आहे. या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

काटोल तालुक्यातले एक शेतकरी माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मुलाला २०११ मध्ये अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. आमच्या शाखेने चार लाखांचं कर्ज दिलं. चार लाखांपर्यंत तारण नको, फक्त बापाची सहकर्जदार म्हणून सही. मुलगा २०१५ मध्ये पास झाला, एक वर्षाची सवलत संपली आणि २०१६ मध्ये हप्ते सुरू झाले. शिकत असतानाचं व्याज केंद्राच्या अनुदानातून भरलं गेलं होतं, म्हणून मुद्दल चार लाखच उभं होतं. बारा टक्के व्याज, चौऱ्याऐंशी महिने, हप्ता ७,०६१ रुपये. हा आकडा मला आजही पाठ आहे. मुलगा हिंगणा एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागला होता, महिन्याला साडेनऊ हजारांवर.

पहिले दोन हप्ते आले, तिसरा नाही. नव्वद दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं आणि शाखेच्या कपाळावर ते दिसतं. म्हणून मी बापाला फोन करायला लागलो. मुलाचा नंबर लागत नसे. तो शिफ्टमध्ये असे, किंवा माझा नंबर ओळखत असे. बाप मात्र प्रत्येक वेळी पहिल्या दोन घंट्यांतच उचलायचे. अकरा फोन केले मी. बाराव्या वेळी ते स्वतःच आले. मे महिना होता. काटोलहून एसटीने, बसस्टँडवरून पायी. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबर. रबर काढून ते त्यांनी मनगटावर चढवले, पासबुक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "साहेब, पोरगा साडेनऊ हजार कमावते. सात तुमाले देल्ले त थो खाईन काय?"

मी म्हणालो, "सही तुमची आहे."

ते काही बोलले नाहीत. पाच-सहा महिन्यांनी थकीत हप्ते एकरकमी भरले. बहार झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. तोडणीपर्यंत थांबले असते तर किती जास्त आले असते, हे संत्र्याच्या बागाईतदाराला मी सांगायला नको. शाखेत त्या महिन्यात माझं कौतुक झालं, कारण खातं पुन्हा नियमित झालं.

यातली खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. बँकांच्या संघटनेची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे, ती २०१५ साली सुधारली गेली. परतफेडीसाठी पंधरा वर्षांपर्यंत मुदत, सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्ते, आणि नोकरी नसेल किंवा अर्धीमुर्धी असेल त्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा हप्ते थांबवण्याची सोय, हे सगळं त्यात आहे. ते परिपत्रक माझ्याच फाइलमध्ये होतं. जुन्या कर्जाला ते लावता येईल का, एवढं मी वरच्या कार्यालयाला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. वसुलीच्या मीटिंगमध्ये किती खाती नियमित केली हे विचारत असत. किती जणांना हप्ता थांबवून दिला, हे कुणी कधी विचारलं नाही.

भाचीचा प्रश्न मला एवढा का लागला, ते आता आपल्या लक्षात आलं असेल.

ती परत गेल्यावर मी तिथली व्यवस्था नीट समजून घेतली. १९७४ मध्ये व्हिटलम सरकारने तिथली विद्यापीठं मोफत केली होती. पुढे विद्यार्थी वाढले, पैसा पुरेना. शिवाय एक प्रश्न उभा राहिला, की जो कधी विद्यापीठाची पायरी चढला नाही त्या कामगाराच्या करातून डॉक्टर होणाऱ्याची फी का भरायची. तो प्रश्न चुकीचा नव्हता. मग १९८९ मध्ये हॉक सरकारने फी पुन्हा आणली, सुरुवातीला सरसकट वर्षाला १,८०० डॉलर. पण ती प्रवेशाच्या वेळी मागितली नाही. ब्रूस चॅपमन या अर्थशास्त्रज्ञाने आखलेली योजना अशी की फी सरकार भरेल आणि विद्यार्थी कमावता झाल्यावर उत्पन्नाच्या प्रमाणात, करासोबत ती परत करेल. पुढे न्यूझीलंड आणि इंग्लंडनेही याच धर्तीची पद्धत घेतली. कर्ज घेणारा गेला तर कर्जही त्याच्याबरोबर जातं. तो परदेशात गेला तर मात्र सुटत नाही, २०१७ पासून तिकडची कमाईसुद्धा कळवावी लागते आणि मर्यादेच्या वर असेल तर भरावं लागतं. वसुली ढिली आहे असं कुणी समजू नये. वसुलीवाला म्हणून सांगतो, ती आमच्यापेक्षा पक्की आहे, कारण ती पगाराच्या मुळाशी बसलेली आहे.

तिथली पोरं तरीही चिडलेली आहेत, आणि त्यांचं चिडणं खोटं नाही. या कर्जावर व्याज नाही, पण महागाईच्या प्रमाणात दरवर्षी १ जूनला ते वाढतं. २०२३ मध्ये ही वाढ एकदम ७.१ टक्के झाली. भाचीचं कर्ज तेव्हा चोवीस हजार होतं. एका रात्रीत सतराशे डॉलर वाढले. ती शिकतच होती, कमावत नव्हती. आणखी एक गोष्ट ऐकून माझ्यातला बँकवाला फार अस्वस्थ झाला. पगारातून वर्षभर पैसे कापले जातात, पण ते कर्जातून वजा होतात वर्षअखेरीचं विवरणपत्र भरल्यावर. मधे १ जून येऊन जातो. म्हणजे जे पैसे तुम्ही आधीच दिलेत, त्यांच्यावरसुद्धा वाढ लागते. आमच्या शाखेत कुणी हप्त्याची रक्कम अशी वर्षभर बाजूला ठेवली असती, तर ऑडिटवाल्यांनी त्याला उभं केलं असतं.

विषयही महाग-स्वस्त केले. २०२१ पासून कला शाखेची फी दुपटीहून अधिक वाढवली, इतिहासासारखे विषय घेणाऱ्याची तीन वर्षांची पदवी पन्नास हजार डॉलरच्या घरात गेली. भाचीच्या एका मैत्रिणीने इतिहास घेतला, तिच्यावर हिच्यापेक्षा कितीतरी मोठं कर्ज आहे. समाजकार्याच्या पदवीत एक हजार तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, तेही फुकट. भाची दिवसा ते तास भरायची आणि रात्री कॅफेत भांडी आवरायची. १ जुलै २०२५ पासून शिक्षण, नर्सिंग, प्रसूतिसेवा (मिडवायफरी) आणि समाजकार्याच्या गरजू विद्यार्थ्यांना त्या काळात आठवड्याला सुमारे ३३० डॉलर द्यायला सुरुवात झाली आहे. तिला मिळाले नाहीत, धाकट्यांना मिळतील. वर घरभाडं. ते आठवड्याला भरावं लागतं, एका खोलीचे ती २८० डॉलर देते. स्वतःचं घर घ्यायला गेलं तर बँक हे शिक्षणाचं कर्जही हिशेबात धरते. आपण घर घेऊ शकू असं तिला वाटतच नाही, आणि ही गोष्ट तिने अगदी शांतपणे सांगितली. चोवीसाव्या वर्षी!

पण त्या चिडण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मोनिक रायन या अपक्ष खासदारांनी कर्जवाढीविरुद्ध अर्ज काढला, त्यावर अडीच लाखांहून अधिक सह्या आल्या. २०२४ च्या अखेरीस कायदा बदलला. आता महागाई आणि मजुरी यांतल्या कमी वाढलेल्या आकड्याने कर्ज वाढतं, आणि ते २०२३ पासून मागे जाऊन लागू केलं. त्यामुळे तो ७.१ टक्के ३.२ वर आला आणि फरक खात्यात जमा झाला. मे २०२५ च्या निवडणुकीत लेबर पक्षाने सगळ्यांचं कर्ज वीस टक्के कमी करायचं वचन दिलं आणि निवडून आल्यावर जुलैच्या अखेरीस पहिल्यांदा तोच कायदा संमत केला. तीस लाख लोकांचे मिळून सोळाशे कोटी डॉलर उतरले. तिथे अठरा वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मतदान सक्तीचं आहे, न केल्यास दंड होतो. तरुण मतदार घरी बसू शकत नाही, म्हणून त्याचं म्हणणं पक्षांना ऐकावं लागतं.

सरसकट वीस टक्के माफी मला फारशी पटलेली नाही, हेही लिहून ठेवतो. आधीच चांगल्या पगारावर असलेल्या डॉक्टर-वकिलाला तिचा जास्त लाभ झाला, आणि ज्याने काटकसर करून आदल्या वर्षी फेडून टाकलं त्याला काहीच नाही. आपल्याकडच्या कर्जमाफ्यांत नियमित भरणाऱ्याची जी कुचंबणा होते, तीच. मला मोलाची वाटते ती खालची व्यवस्था. माफी एकदाच येते. पण पगार नाही तर हप्ता नाही, हा नियम दर महिन्याला पाठीशी उभा राहतो.

ही सवलत तिथल्या नागरिकांची. आपल्या पोरांना ती नाही. परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण फी रोख भरावी लागते. नुसत्या व्हिसाच्या अर्जाचे २,००० डॉलर आहेत, खात्यात राहण्या-खाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, आणि शिकत असताना पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम करता येत नाही. आमच्याच गल्लीतला एक मुलगा तिथे शिकतो. वडिलांनी मानेवाड्यातलं घर तारण ठेवून अठ्ठावीस लाख उचलले. तो आणि माझ्या भाचीसारखी मुलं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत असतील. तिचं कर्ज तिच्या पगाराकडे बघतं, त्याचं कर्ज त्याच्या बापाच्या घराकडे बघतं. तो रात्री गोदामात खोकी उचलतो, हे घरी फक्त बापाला माहीत आहे. आईला सांगितलेलं नाही.

आपल्या सरकारांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पंचाहत्तर टक्के हमी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली, निवडक संस्थांसाठी ती बिनतारण आणि बिनजामीन आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट आहे. आपल्या राज्याने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. यामुळे किती मुली शिकतील! पण वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप राहतातच आणि त्यांच्यासाठी कर्ज काढावंच लागतं. आणि कर्ज काढलं की सहकर्जदार म्हणून बापाची सही बँका घेतातच. सरकारची हमी असताना बापाची सही कशाला, हे मी नोकरीत असताना विचारायला हवं होतं. आता विचारतो आहे. पोराचा हप्ता चुकला की बापाचं सिबिल बिघडतं. मग जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर त्यालाच पीककर्जाला फेऱ्या माराव्या लागतात. एका पोराच्या बेकारीने अख्ख्या घराची पत बुडवणारी ही पद्धत आहे.

माझे एक जुने सहकारी, तेही निवृत्त, हे ऐकून म्हणाले, "ऑस्ट्रेलियात सगळ्यांचे पगार कागदावर असतात. इथे कोण खरं उत्पन्न सांगतो?" मुद्दा खरा आहे. रोखीत काम करणाऱ्या, छोटं दुकान टाकणाऱ्या, शेतीवर परतलेल्या पदवीधराचं उत्पन्न मोजणं सोपं नाही. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा स्वयंघोषणापत्र आणि पाचशे-हजाराचा किमान हप्ता, अशी काही सोय लागेल, आणि त्यात काही जण फसवतीलही. पण मिहानमध्ये, बुटीबोरीत, हिंगण्यात, पुण्याच्या हिंजवडीत जो पोरगा पगारावर आहे, त्याचं पॅन आहे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, फॉर्म सोळा आहे. मालक पगारातून कर कापतो, पीएफ कापतो. तिसरी कपात कर्जाची करायला कोणतं यंत्र नव्याने आणायचं आहे? आणि फसवणुकीचं म्हणाल, तर आज काय होतं तेही मी बघितलं आहे. आज खातं एनपीए होतं, दोन-तीन वर्षं पडून राहतं, मग एकरकमी तडजोडीत बँक स्वतःच लाखभर सोडून देते. तोवर घरात भांडणं होतात, पोरगा नंबर बदलतो, बापाशी बोलणं बंद होतं. तेच पैसे आधीच, पगार पाहून, सावकाश घेतले असते तर बँकेलाही जास्त मिळाले असते.

म्हणून वित्त मंत्रालयाला, बँकांच्या संघटनेला आणि विदर्भाच्या खासदारांना माझं आग्रहाने सांगणं आहे. सरकारी हमी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक कर्जाचा हप्ता पदवीधराच्या पगारावर ठरवा. ठरावीक पगाराच्या खाली हप्ता नको, त्या वर ठरावीक टक्के. अशा कर्जावर पालकाची सही घेणं बंद करा, आणि आधीच घेतलेल्या सह्यांमुळे त्यांचं सिबिल खराब करणं थांबवा. हे सगळं एका दिवसात होणार नाही, पण सही आणि सिबिलची गोष्ट उद्याही होऊ शकते. संविधान चौकातून जाताना रिझर्व्ह बँकेची ती इमारत दिसली की मला दर वेळी वाटतं, काटोलचा बाप आणि ही इमारत यांच्यात फक्त साठेक किलोमीटर आहेत.

काटोलच्या त्या मुलाने शेवटचा हप्ता २०२३ मध्ये भरला. तो आता बऱ्या नोकरीत आहे. सात वर्षांत त्याने घर बांधलं नाही, लग्न तिशी उलटल्यावर केलं. त्याने लग्नाला मला बोलावलं होतं, मी गेलोही होतो. त्याच्या वडिलांनी मला ओळखलं, हात धरून पंगतीत बसवलं, आणि स्वतः उभे राहून वाढायला सांगितलं. मला घास गिळवत नव्हता.

या पत्राला एक विनंती जोडतो. आपल्या शिक्षणाच्या पानावर त्या २०१५ च्या सवलती एकदा चौकटीत छापा. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण ही सोय आज कागदावर आहे आणि पालकांना तिचा पत्ता नाही. मी त्या परिपत्रकाच्या चाळीस झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत आणि ओळखीतल्या ज्यांना गरज आहे त्यांना अर्ज लिहून देतो. ज्यांच्या मुलाला नोकरी नाही किंवा पगार हप्त्याला पुरत नाही, त्यांनी हप्ता चुकण्याआधीच शाखा व्यवस्थापकाच्या नावे लेखी अर्ज द्यावा. सोबत मुलाचं पगारपत्रक, नसेल तर बेरोजगार असल्याचं साध्या कागदावरचं निवेदन जोडावं. अर्ज दोन प्रतींत करावा. एक प्रत बँकेला, दुसरीवर तारीख, सही आणि गोल शिक्का. काउंटरवरचा माणूस म्हणेल, ठेवून जा, साहेब आल्यावर देतो. मीही असंच म्हणत असे. शिक्का बसल्याशिवाय तिथून हलू नका.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी,
मानेवाडा, नागपूर